मालचोरीविरुद्ध पोलीस आणि वाहतूकदारांचा संयुक्त कक्ष: आपण वर्गणी भरावी का?

वाटसरू

नमस्कार. माझा मालवाहतुकीचा व्यवसाय असून सध्या चौदा गाड्या चालतात. आमच्या वाहतूकदार संघटनेपुढे एक प्रस्ताव आला आहे आणि पुढच्या महिन्यातील बैठकीत त्यावर मत द्यायचे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. प्रत्येक सभासदाने गाडीमागे वार्षिक वर्गणी भरावी, विमा कंपन्यांनी आणि माल पाठवणाऱ्या मोठ्या उत्पादकांनीही आपला वाटा उचलावा, आणि त्या निधीतून पोलिसांच्या अधिकाराखाली केवळ मालचोरीचा तपास पाहणारा एक छोटा कक्ष चालवावा, असा तो प्रस्ताव आहे.

माझे मन अजून तयार होत नाही, आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. गेल्या वर्षी रात्री थांबलेल्या माझ्या एका गाडीची ताडपत्री कापून जवळजवळ अर्धा माल नेला. चालक केबिनमध्ये झोपलेला होता आणि त्याला सकाळी कळले. चोरी नक्की कुठल्या थांब्यावर झाली हे सांगता येत नसल्यामुळे दोन ठाण्यांच्या हद्दीत आम्हाला दीड दिवस फिरावे लागले. अखेर फिर्याद घेतली गेली, तेव्हा तपास अधिकाऱ्याने मला विचारले की या पट्ट्यात असे प्रकार आणखी झाले आहेत का. मला उत्तर देता आले नाही. पुढे दोन महिन्यांनी गप्पांच्या ओघात समजले की त्याच रस्त्यावर, त्याच महिन्यात, आमच्याच संघटनेतील तिघांच्या ताडपत्र्या कापल्या गेल्या होत्या आणि तिघांनीही तोंड उघडले नव्हते.

सुरक्षा देणे हे शासनाचे काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. मग त्याच कामासाठी वेगळी वर्गणी का भरावी? ज्यांना अशा कक्षाचा अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गस्त

वाटसरू, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे आणि सेवेतील बरीच वर्षे मालमत्तेच्या गुन्ह्यांच्या तपासात गेली. त्या अधिकाऱ्याने तुम्हाला विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता. दुर्दैव हे की त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतही सापडणारे नव्हते.

पोलिसांची सगळी रचना ठिकाणाभोवती उभी आहे. गुन्हा एका ठाण्यात नोंदला जातो, तपास तिथला अधिकारी करतो, आणि त्याच्या कामाचे मोजमापही त्याच हद्दीत होते. माल चोरणारी टोळी मात्र एका जिल्ह्यात गाडी हेरते, दुसऱ्यात कापते, तिसऱ्यात माल उतरवते आणि चौथ्यात विकते. चारही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना आपापल्या हद्दीतला तुकडा तेवढा दिसतो.

दुसरी अडचण वर्गवारीची. ब्रिटनमध्ये ट्रकमधील मालाच्या चोरीसाठी स्वतंत्र गुन्हे संकेत, म्हणजे नोंदीतील वर्गवारीचा क्रमांक, नसल्याची तक्रार तेथील वाहतूकदार अनेक वर्षे करत आले आहेत. मोटारीच्या मागच्या आसनावरून पिशवी उचलली काय आणि ट्रकमधून लाखो पौंडांचा माल नेला काय, दोन्ही 'वाहनातून चोरी' याच सदरात पडत. वेगळा संकेत हवा, ही मागणी २०२५ मध्ये तेथील संसदेतही मांडली गेली. जो गुन्हा वेगळा मोजला जात नाही, त्याच्यासाठी वेगळे मनुष्यबळ मागायला वरिष्ठांपुढे कोणता आकडा ठेवणार? तुमच्या कक्षाचा खरा उपयोग इथे आहे. त्याने छापे घातले नाहीत तरी चालेल. विखुरलेले तुकडे एका नकाशावर आणले तरी निम्मे काम झाले.

कायदा_वाचक

गस्त यांचे निदान मान्य आहे, परंतु उपचाराबद्दल मला गंभीर शंका आहे. पोलिसांचा पगार खासगी निधीतून निघू लागला की दोन प्रश्न अटळपणे उभे राहतात. ज्याने वर्गणी भरली नाही त्याची चोरी कक्षाच्या यादीत शेवटी जाणार का? आणि उद्या वर्गणीदार कंपनीच्याच माणसावर संशय आला, तर तपास तितक्याच निर्भयपणे होणार का?

शिवाय वर्गवारी केली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये चोरीच्या स्पष्टीकरणात मालवाहतुकीतील चोरीचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र ते कलम किरकोळ संघटित गुन्ह्यांचे आहे, त्यात एक ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि मालचोरीच्या शेजारी तिथे खिसेकापूपणा व दुकानातील उचलेगिरी बसलेली आहे. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने मालचोरीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन आले, तरीही अनेक स्थानिक पोलीस यंत्रणा ती माहिती पाठवत नसल्यामुळे ते चित्र अपुरेच राहिले. सदर उघडल्याने ते आपोआप भरत नाही.

आर्जवी

मी विम्याच्या दाव्यांची पाहणी करते, म्हणजे चोरी झाल्यावर गाडीपाशी जाऊन नुकसानीचा अंदाज घेणे हे माझे रोजचे काम आहे. वाटसरू यांनी सांगितलेले ते तीन गप्प बसलेले सभासद मला फार ओळखीचे वाटतात.

लोक गप्प का बसतात? वर्षभरात दोन दावे झाले की हप्ता वाढतो, म्हणून लहान चोरी खिशातून भरून काढणे वाहतूकदाराला परवडते. माल पाठवणाऱ्या कंपनीला कळले तर ती पुढचे काम दुसऱ्याला देईल, ही दुसरी भीती. कंपनीलाही आपला माल चोरबाजारात फिरतो आहे हे जाहीर होऊ द्यायचे नसते. आणि फिर्याद द्यायची तर गाडी आणि चालक दोन दिवस अडकतात. या प्रत्येकाचे गणित आपापल्या जागी बरोबर आहे आणि सगळ्यांच्या गणिताची बेरीज मात्र चोरांच्या खात्यात जमा होते.

म्हणून मी वर्गणीपेक्षा एका अटीला अधिक महत्त्व देईन. प्रत्येक सभासदाने प्रत्येक चोरी, फसलेला प्रयत्न धरून, कक्षाला कळवलीच पाहिजे, आणि केवळ कळवण्यामुळे विमा कंपनी त्याचा हप्ता वाढवणार नाही असे तिच्याकडून लेखी घेतले पाहिजे. फसलेल्या प्रयत्नाची माहिती तर फार मोलाची असते. ताडपत्रीला हातभर चीर पाडून, आत काय आहे ते पाहून चोर निघून गेले, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. चालक त्या चिरेला चिकटपट्टी लावतो आणि पुढे जातो. ती चीर म्हणजे त्या थांब्यावर टोळी फिरते आहे याची पहिली सूचना असते आणि ती आपण रोज वाया घालवतो.

बिंदूरेषा

आर्जवी यांच्या प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद संघटनेच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवावा, अशी विनंती.

लांबपल्ला

मी सोळा वर्षे ट्रक चालवतो. वर सगळ्यांनी चांगले लिहिले आहे, पण 'चालक केबिनमध्ये झोपलेला होता' हे वाक्य वाचून थांबलो. वाटसरू यांनी ते दोष देण्यासाठी लिहिलेले नाही, हे मला समजते. परंतु प्रत्यक्षात चोरीनंतर पहिला प्रश्न चालकालाच विचारला जातो, आणि तोही साक्षीदार म्हणून नव्हे, संशयित म्हणून. माझ्या एका सहकाऱ्याला मालकाने चोरीच्या दुसऱ्याच दिवशी कामावरून काढले. पुढे टोळी पकडली गेली आणि त्याचा काही संबंध नसल्याचे सिद्ध झाले, पण नोकरी परत मिळाली नाही. अशा वागणुकीनंतर कोणता चालक मोकळेपणाने माहिती देईल?

चालकाच्या पाठीमागे काय चालले आहे हे त्याला कळतेच असे नाही. जुलै २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये धावत्या ट्रकमधून सुमारे पाच लाख युरो किमतीचे आयफोन चोरीला गेले. चोरांनी आपली व्हॅन ट्रकच्या मागे अगदी चिकटवून चालवली आणि एक जण तिच्यातून बाहेर येऊन ट्रकच्या दारापर्यंत पोचला. समोर रस्ता पाहणाऱ्या माणसाला ते दिसणार कसे?

आणि आम्ही थांबतो कुठे, हाही विचार व्हावा. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. नियम चांगला आहे आणि तो हवाच. पण वेळ संपली की जवळ जी जागा असेल तिथे गाडी लावावी लागते. २०१९ मध्ये युरोपीय आयोगासाठी झालेल्या अभ्यासात तिथे ट्रकसाठी सुमारे एक लाख जागा कमी असल्याचे आणि सुरक्षेचे प्रमाणपत्र असलेल्या जागा जेमतेम सात हजार असल्याचे दिसले होते. म्हणजे ज्या देशांत नियम, कॅमेरे आणि पैसा सगळे आहे, तिथेही चालक अंधारात रस्त्याच्या कडेला झोपतो. कक्ष स्थापन करणाऱ्यांनी आधी थांब्यांचा विचार करावा.

वाटसरू

लांबपल्ला, तुमचे म्हणणे मनाला लागले आणि ते योग्य आहे. माझा चालक आजही माझ्याकडेच काम करतो, परंतु पहिल्या दिवशी मीही त्याला नको ते प्रश्न विचारले होते. त्याची माफी मी मागितली आहे.

गस्त

लांबपल्ला यांच्या मुद्द्याला जोड देतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये सुरक्षित ट्रक थांब्यांसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार श्रेणी ठरवून दिल्या. कुंपण कसे असावे, प्रकाश किती असावा, प्रवेशावर नियंत्रण कसे असावे आणि चालकासाठी शौचालय, स्नानगृह अशा सोयी कोणत्या असाव्यात, हे सारे त्यात आले. सुरक्षेच्या नियमांत चालकाच्या सोयींना जागा मिळाली, ही त्यातील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट आहे, कारण जिथे माणसाला नीट विसावा मिळत नाही तिथे तो थांबत नाही, आणि मग कुंपणाचा उपयोग राहत नाही.

अशा कक्षाकडे चोरीचा नकाशा असेल, तर थांबा कुठे बांधावा आणि कुठल्या थांब्यावर गस्त वाढवावी, हे सांगता येते. थांबे बांधणारी यंत्रणा वेगळी असते आणि तिला पोलिसांचे आकडे मिळत नाहीत.

कोठीवाला

सगळी चर्चा थांबलेल्या गाड्यांभोवती फिरत आहे, म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधतो. मी एका मोठ्या गोदामातून माल रवाना करण्याचे काम पाहतो. आमच्याकडे होणारी चोरी कात्रीने होत नाही, कागदाने होते.

ऑक्टोबर २०२४ मधील लंडनच्या नील्स यार्ड डेअरीचे प्रकरण अनेकांनी वाचले असेल. फ्रान्समधील मोठ्या विक्रेत्यासाठी खरेदी करणारा घाऊक वितरक असल्याची बतावणी करून कोणीतरी मागणी नोंदवली, बावीस टन चेडार चीज रीतसर घेऊन गेले आणि त्यानंतर लक्षात आले की असा ग्राहकच नव्हता. मालाची किंमत सुमारे तीन लाख पौंड होती. कुलूप तुटले नाही, कुणाला धाक दाखवला नाही, गोदामाच्या माणसांनी स्वतः माल काढून दिला. अमेरिकेत हा प्रकार फारच वाढला आहे. तिथे खऱ्या वाहतूकदार कंपनीचे नाव, परवाना क्रमांक आणि तिच्या ईमेलशी मिळताजुळता पत्ता वापरून भाडे मिळवतात, किंवा भाडे घेऊन ते परस्पर दुसऱ्याच निष्पाप ट्रकमालकाला देतात. त्या बिचाऱ्याला वाटते आपण खरेच काम करत आहोत, आणि तो स्वतःच्या हातांनी माल चोरांच्या गोदामात पोचवतो.

आता कायद्याच्या दृष्टीने ही चोरी की फसवणूक? मालमत्तेच्या गुन्ह्यांचा विभाग म्हणतो हे आर्थिक गुन्ह्यांकडे न्या, आणि आर्थिक गुन्ह्यांचा विभाग म्हणतो ट्रक शोधणे आमचे काम नव्हे. ही टोलवाटोलवी थांबवण्यासाठी मला संयुक्त कक्ष हवा आहे. माल दाराबाहेर पडल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे असतात. त्यानंतर तो दुसऱ्या गाडीत भरला जातो आणि पेट्यांवरची लेबले बदलली जातात.

बिंदूरेषा

कोठीवाला यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत कार्गोनेट ही संस्था पोलीस, विमा आणि वाहतूक क्षेत्राकडून आलेल्या माहितीची एकत्र नोंद ठेवते. २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा मिळून तिच्याकडे ३,६२५ घटना नोंदल्या गेल्या आणि ही वाढ आदल्या वर्षीपेक्षा २७ टक्के होती. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या वाहन-गुन्हे गुप्तवार्ता सेवेचे मालवाहतुकीसाठी वेगळे पथक आहे. तिच्या नोंदींनुसार २०२३ मधील सुमारे ६.८ कोटी पौंडांचे नुकसान २०२४ मध्ये सुमारे ११.१ कोटी पौंडांवर गेले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. असा कक्ष सुरू झाला की पहिल्या एक-दोन वर्षांत चोऱ्यांचा आकडा वाढलेला दिसेल, कारण आजवर दडवलेल्या घटना पुढे येतील. संघटनेतील कोणीतरी त्या आकड्याकडे बोट दाखवून 'पैसे भरले आणि चोऱ्या वाढल्या' असे म्हणेल. कक्षाचे यश घटनांच्या संख्येवर मोजू नये. घटना घडल्यापासून कक्षाला कळेपर्यंत किती वेळ गेला, आणि मिळालेल्या मालापैकी किती मालकाच्या हाती परत गेला, हे दोन आकडे धरावेत.

शीतसाखळी

औषधांच्या साठवणुकीत काम करते. 'विमा आहे, मग कोणाचे काय गेले' असे म्हणणारे अनेक जण भेटतात, म्हणून एक घटना लिहिते.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात इन्सुलिनच्या सुमारे एक लाख एकोणतीस हजार कुप्या असलेला ट्रक चोरीला गेला. इन्सुलिन थंड ठेवावे लागते आणि चोरांनी ते कसे ठेवले असेल याची कल्पनाही करवत नाही. पुढे त्यातील काही कुप्या पुन्हा औषधांच्या वितरणात शिरल्या. त्या वापरणाऱ्या रुग्णांची रक्तातील साखर आटोक्यात येत नसल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. बिघडलेले इन्सुलिन दिसायला चांगल्या इन्सुलिनसारखेच असू शकते. रुग्णाला आपण चोरीचा माल टोचून घेत आहोत हे समजण्याचा मार्ग नसतो.

म्हणून माझी विनंती आहे की संयुक्त कक्षात माल उत्पादकही असलेच पाहिजेत. कोणत्या खोक्यात कोणत्या तुकडीचा (बॅचचा) माल होता, हे वाहतूकदाराला माहीत नसते, ते उत्पादकाला माहीत असते. तुकडी क्रमांक त्याच दिवशी पोलीस, औषध प्रशासन आणि वितरक यांच्याकडे गेला, तर माल दुकानात पोचण्याआधी अडवता येतो.

गस्त

शीतसाखळी ताई, तुम्ही तुकडी क्रमांकाचे लिहिले ते तपासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मी स्वतः एका गोदामावर छापा घातला होता, तिथे छतापर्यंत खोकी रचलेली होती आणि ती चोरीची आहेत याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परंतु कोणाच्या चोरीतील, हे सिद्ध करता आले नाही, कारण फिर्यादीत मालाचे वर्णन 'घरगुती वापराच्या वस्तू, ४०० नग' एवढेच होते. संशयितांनी पावत्या दाखवल्या आणि बराचसा मुद्देमाल त्यांना परत द्यावा लागला. त्या दिवसाचे मला आजही वाईट वाटते.

उद्योगाने पोलिसांना पैसे देण्याआधी नेमके वर्णन द्यावे. तुकडी क्रमांक, खोक्यावरील क्रमांक, सीलचा क्रमांक आणि माल भरताना काढलेली छायाचित्रे एवढे मिळाले तर अधिकारी न्यायालयात उभा राहू शकतो. आणि सील शाबूत आहे म्हणजे माल शाबूत आहे, असे कोणी समजू नये. दाराच्या कडीचे बोल्ट काढून, सीलला हात न लावता दार उघडणारे आणि पुन्हा जसेच्या तसे बसवणारे कारागीर या धंद्यात आहेत.

कायदा_वाचक

चर्चेतून बरेच शिकायला मिळाले, परंतु माझा मूळ आक्षेप कायम आहे आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. कक्ष उपयोगी ठरेल हे मान्य. त्याचा खर्च वर्गणीतून भागवणे योग्य आहे का?

आर्जवी

उत्तर देण्याचा प्रयत्न करते, कारण विमा क्षेत्रात याचे जुने उदाहरण आहे. लंडन शहर पोलिसांचा विमा फसवणुकीचा तपास करणारा विभाग जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्याचा खर्च विमा कंपन्या उचलतात. त्याच्याही आधी, २००२ पासून, बँकांच्या पैशावर चालणारे कार्ड फसवणूकविरोधी पोलीस पथक तिथे काम करत आहे. दोन्ही ठिकाणी पोलीस अधिकारी पोलीस खात्याच्याच शिस्तीत राहतात आणि तपासाचे निर्णय तेच घेतात.

तुमचा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे दूर होतो असे मी म्हणणार नाही. मोठ्या विमा कंपन्यांना जे परवडते ते चार गाड्यांच्या मालकाला परवडत नाही, आणि त्याची तक्रार मागे पडण्याचा धोका खराच आहे. म्हणून वर्गणी गाड्यांच्या संख्येवर असावी, आणि कक्षाने येणारी प्रत्येक घटना, वर्गणीदाराची असो वा नसो, सारख्याच रीतीने नोंदवावी. नाहीतर नकाशाला भोके पडतील आणि त्याचा तोटा वर्गणीदारांनाही होईल.

गस्त

एक कटू उदाहरणही नोंदवून ठेवतो. ब्रिटनमध्ये ट्रकपोल नावाचे, केवळ मालवाहतुकीच्या गुन्ह्यांची माहिती गोळा करणारे पोलीस पथक होते. ते २०१२ मध्ये निधीअभावी बंद पडले. अशा पथकाची खरी संपत्ती माणसांच्या ओळखी आणि साठलेली माहिती असते, आणि पथक बंद झाले की दोन्ही विस्कटतात. पुढे नवे पथक उभे करणाऱ्यांना ते सारे पुन्हा जुळवावे लागते. तेव्हा वर्गणी भरायचीच असेल, तर ती एका वर्षाची नसावी. किमान तीन वर्षांची हमी नसेल तर मी स्वतः या कामाला हात घालणार नाही.

पैशाऐवजी साधन देण्याचा मार्गही आहे. अमेरिकेत ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने छुपे कॅमेरे आणि माग काढणारी यंत्रे बसवलेला सापळ्याचा ट्रेलर तयार करून तो पोलिसांना वापरायला दिला. कंपनी साधन देते, सापळा पोलीस लावतात, आणि पगाराचा प्रश्न उद्भवत नाही.

कायदा_वाचक

हा मार्ग मला अधिक पटतो. विश्लेषण करणाऱ्या व्यक्तींचे वेतन आणि साधनांचा खर्च उद्योगाने द्यावा, तपास अधिकाऱ्यांचे वेतन मात्र शासनाच्याच तिजोरीतून यावे, अशी विभागणी झाली तर माझा आक्षेप मी मागे घेईन. माहिती कोणाला किती दिसेल हेही लिहून ठेवावे, कारण कोणत्या मार्गाने कोणाचा किती माल जातो हे प्रतिस्पर्ध्याला समजले तर सभासद माहिती देणे थांबवतील.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. वर्गणीच्या प्रस्तावाला मी पाठिंबा दिला, पण तो आला तसा नव्हे. कायदा_वाचक यांनी सुचवलेली विभागणी आणि गस्त यांनी सांगितलेली तीन वर्षांची हमी मी मांडली. विभागणी मान्य झाली, हमीवर मात्र मोठ्या सभासदांनीच हात आखडता घेतला आणि ती दोन वर्षांवर आली. हप्त्याच्या अटीवर विमा कंपन्यांशी बोलणी अजून व्हायची आहेत. लांबपल्ला यांच्या प्रतिसादावरून मी आणखी एक गोष्ट मागितली: कक्षाला कळवायचा क्रमांक चालकांकडे थेट असावा आणि त्यासाठी मालकाच्या परवानगीची गरज नसावी. यावर सर्वांत जास्त वाद झाला, पण शेवटी ते मान्य झाले.

घटना कळवण्यासाठीचा नमुना अर्ज तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात काय काय असावे हे सुचवावे.

लांबपल्ला

अर्ज नंतर भरता येईल. त्या क्रमांकावर रात्री तीन वाजता माणूस उचलणारा हवा. आम्हाला चीर त्याच वेळी दिसते, आणि सकाळपर्यंत आम्ही दोनशे किलोमीटर पुढे गेलेलो असतो. फोन उचलणाऱ्याने आधी 'तू ठीक आहेस का' असे विचारले तर चालक पुढचे सगळे सांगेल.

कोठीवाला

माल घ्यायला आलेल्या गाडीचा क्रमांक, चालकाचे छायाचित्र आणि ज्या दूरध्वनीवरून गाडी ठरवली तो क्रमांक, हे तीन रकाने ठेवावेत. वाहतूकदार कंपनीची खातरजमा करताना तिने पाठवलेल्या ईमेलमधील क्रमांकावर फोन न करता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर केला होता का, हेही विचारावे. आमच्या गोदामात हा नियम लावल्यापासून दोन बनावट गाड्या फाटकावरूनच परत गेल्या. त्या दोन्हींची माहिती मी आता तुमच्या कक्षाला देतो.

गस्त

वाटसरू, बाकी रकाने तुम्ही नीटच कराल. माझी एकच सूचना आहे. 'चोरी कुठे झाली' असा रकाना ठेवू नका, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा कोणालाच माहीत नसते आणि अंदाजाने लिहिलेल्या जागेवरून हद्दीचा वाद सुरू होतो. त्याऐवजी दोन रकाने ठेवा: गाडी शेवटची धडधाकट कधी आणि कुठे पाहिली, आणि नुकसान प्रथम कधी आणि कुठे दिसले. या दोन बिंदूंमधला रस्ता जितका लहान होईल तितका तपास सोपा होतो. त्यासाठी चालकाने प्रत्येक थांब्यावर उतरून गाडीभोवती एक फेरी मारायला हवी, आणि त्या फेरीचा वेळ मालकाने त्याच्या कामाच्या वेळेत धरायला हवा.

वाटसरू

दोन्ही रकाने घातले. फेरीचा वेळ आजपासून माझ्या चौदा गाड्यांना लागू करत आहे.